तात्पर्य जरा थांबू द्या

तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींपुढे कोणताही शास्त्रभाग वाचा आणि विचारा, “यातून आपण काय शिकतो?” उत्तरं ठरलेली असतात. प्रार्थना करावी. देवावर विश्वास ठेवावा. आईवडिलांचं ऐकावं. वाईट संगत धरू नये. उत्तर देणारा मुलगा त्या वेळी खिडकीबाहेर कुणीतरी लावलेल्या नव्या मोटारसायकलकडे बघत असतो, तरी उत्तर चुकत नाही. भाग योनाचा असो, दानीएलाचा असो की जक्कयाचा, ही चार उत्तरं सगळीकडे खपतात. बालवर्गापासून आपणच ती घोटून घेतली आहेत. आता मुलं ती आपल्याला परत करतात, इतकंच.

हा लेख अशा वर्गाची जबाबदारी अंगावर पडलेल्यांसाठी आहे. बहुतेक मंडळ्यांमध्ये ती अशीच पडते. उपासना संपल्यावर पाळकसाहेब दारात हात धरतात आणि म्हणतात, “पुढच्या रविवारपासून तरुणांचा वर्ग तुमच्याकडे.” तुम्ही बँकेत नोकरीला असता, शाळेत शिकवत असता नाहीतर दवाखान्यात नर्स असता. हिब्रू-ग्रीक सोडाच, धर्मज्ञानाचं रीतसर शिक्षणही झालेलं नसतं. त्यावाचून काही अडत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. आपण तात्पर्य मनाशी पक्कं करूनच वर्गात शिरतो आणि चाळीस मिनिटं मुलांना त्या तात्पर्याकडे हाकत नेतो. मुलांना मुक्काम आधीच कळलेला असतो, मग वाटेत कशाला बघतील?

तेव्हा माझा आग्रह एवढाच, की तरुणांच्या वर्गात तात्पर्य उशिरा येऊ द्या. एखाद्या रविवारी नाहीच आलं तरी बिघडत नाही. तोवर मजकूर वाचा, पुन्हा वाचा, त्यात काय लिहिलंय आणि काय लिहिलेलं नाही ते मुलांना शोधू द्या.

आपल्याकडे याची जाण जुनी आहे. गोव्यात इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ छापलं. त्याच्या आरंभीच एक नवा ख्रिस्ती माणूस पाद्रीबाबांकडे येतो आणि शिकवण दिलीत ती ठीक, पण आम्हाला पुराणासारखं काहीतरी द्या, असं मागणं घालतो. नुसत्या तत्त्वांनी त्याचं पोट भरलं नव्हतं, त्याला कथा हवी होती. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी येशूचं चरित्र कीर्तनातून सांगितलं. कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असा क्रम असतो. मोठ्या माणसांना तो मानवतो. तरुणांच्या वर्गात मात्र मी आख्यान आधी घेईन. निरूपणाची वेळ आली तर ते मुलांच्या तोंडून यावं.

वाचन कुणी आणि कसं करायचं

संडे स्कूलचा पसारा वाढला तोच मुळी वाचायला शिकवण्यासाठी. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात वृत्तपत्र चालवणाऱ्या रॉबर्ट रेक्स यांनी 1780 मध्ये कामकरी वस्तीतल्या मुलांसाठी रविवारची शाळा काढली. आठवड्याचे सहा दिवस ती मुलं कामावर जात. मोकळा रविवार होता, म्हणून शाळा रविवारी. अक्षरओळख करून द्यायची आणि वाचायला बायबल.

आज आपल्या वर्गातली मुलं शिकलेली आहेत, पण पुष्कळशी इंग्रजी माध्यमातली. घरी मराठी बोलतात, उपासनेत मराठी गीतं खड्या आवाजात म्हणतात, आणि मराठी पवित्र शास्त्र हातात दिलं की पाचव्या शब्दाला अडखळतात. शेजारचा हसतो. पुढच्या रविवारी तो अडखळलेला मुलगा येत नाही. आपण म्हणतो, क्लास असेल.

एकेकाने एकेक वचन वाचायची पद्धत म्हणूनच बंद करा. तीत प्रत्येक जण बोटाने मोजून आपल्या वाट्याचं वचन शोधतो आणि मनात घोकत बसतो. स्वतःची पाळी येईपर्यंत धास्ती, येऊन गेली की सुटका. मधलं कुणीच ऐकत नाही.

त्याऐवजी पहिलं वाचन शिक्षकाने करावं, तेही घरी दोनतीनदा मोठ्याने वाचून पाहिल्यावर. कुठे थांबायचं, कुठलं वाक्य कोण कुणाला म्हणतंय, हे आवाजात कळलं पाहिजे. दुसऱ्या वाचनाला पात्रं वाटून द्या: कथा सांगणारा एक, बाप एक, मुलगा एक, चाकर एक. ज्याला वाचायला जड जातं त्याला चाकराचं एकच वाक्य द्या. ते तो झकास म्हणतो. घरी ऐकायला मोबाइलवर मराठी पवित्र शास्त्राचं ध्वनिमुद्रणही मिळतं. बसमधून जाता-येता एक अध्याय ऐकून या, एवढा गृहपाठ पुरे.

भाषा अवघड वाटली तर दुसरं भाषांतर शेजारी ठेवा. मुलांना वाटतं, पवित्र शास्त्राची एकच मराठी असते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. 1922 मध्ये त्या गेल्या. छापील ग्रंथ 1924 मध्ये बाहेर आला, आणि छपाईचं काम मिशनमधल्या बायकामुलींनीच केलं होतं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ अगदी अलीकडचं. त्याला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि फादर 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एकच परिच्छेद दोन भाषांतरांत वाचायला द्या आणि फरक शोधायला सांगा. मुलं प्रत्येक शब्द तपासतात. एरवी हीच मुलं दोन वचनांपुढे जात नाहीत.

शनिवारची रात्र

शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर शिक्षकांची मार्गदर्शिका उघडायची, तिच्यातले तीन मुद्दे वहीत उतरवून घ्यायचे आणि रविवारी वाचून दाखवायचे, अशी पुष्कळांची तयारी असते. मार्गदर्शिका वाईट नसते, पण ती वाचली की शास्त्रभाग वाचायचा राहतो. क्रम उलटा करा. सोमवारी किंवा मंगळवारी फक्त शास्त्रभाग वाचा, आधीचा आणि नंतरचा अध्यायही वाचा, आणि पुस्तक मिटून टाका. भाजी निवडताना, गाडीची वाट बघताना तो डोक्यात घोळू द्या. गुरुवारी पुन्हा वाचा आणि कागदावर लिहा: हे कुणाला उद्देशून सांगितलंय? कुठला तपशील खटकतो? काय सांगायचं राहिलंय? मार्गदर्शिका त्यानंतर. बघा, तिच्यातले निम्मे मुद्दे तुम्हाला आधीच सुचलेले असतील आणि एखादा चक्क पटणार नाही.

उदाहरणाला लूककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय घेऊ, उधळ्या पुत्राचा दाखला. मुद्दामच हा घेतो, कारण मुलांच्या मते त्यात नवं काही उरलेलं नाही.

आधी अध्यायाची पहिली दोन वचनं. बहुतेक वर्ग अकराव्या वचनापासून सुरू होतात आणि तिथेच मेख आहे. येशू हा दाखला कुणाला सांगतो? त्याच्याभोवती जकातदार आणि पापी लोक जमलेत, आणि हा असल्यांच्या पंगतीला बसतो म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुर करतायत. ती कुरकुर ऐकून हा दाखला आलाय. हे ठाऊक असलं की दाखल्यातला थोरला भाऊ एकदम मोठा होतो. ठाऊक नसलं तर तो शेपटासारखा शेवटी चिकटलेला वाटतो.

मग वाटणी. धाकटा बापाच्या हयातीतच आपला वाटा मागतो. नगर, सोलापूर, जालन्याकडच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. सातबाऱ्यावर नाव चढवण्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा झाल्याचं त्यांनी घरात नाहीतर शेजारी पाहिलेलं असतं. शहरातल्या मुलांना फ्लॅटचं उदाहरण पुरतं. वर्गाला विचारा, गावात लोक काय म्हणाले असतील? बोलू द्या. अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात थोरल्याला दुप्पट वाटा द्यायचा नियम आहे. म्हणजे दोन भावांत धाकट्याला एक तृतीयांश. घरातली तिसऱ्या हिश्श्याची मालमत्ता परदेशी गेली आणि फुंकली गेली. थोरल्याच्या रागाला पैशाचाही पदर आहे, हे कुणीतरी बोलून दाखवेल.

पुढे डुकरं आणि शेंगा. इथे वर्ग हसतो, हसू द्या. यहूदी माणसाने डुकरं राखायची म्हणजे काय, हे कुणालातरी सांगू द्या.

आता सतरा ते एकवीस ही वचनं अगदी सावकाश वाचून घ्या. घरी परतायचं ठरल्यावर मुलगा बापाला काय सांगायचं ते मनाशी जुळवतो. त्या जुळवलेल्या बोलण्यात तीन गोष्टी आहेत: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला एका मजुरासारखं ठेवा. मग तो प्रत्यक्ष बापापुढे बोलतो, तेव्हा त्यातल्या किती गोष्टी बोलतो? मुलांना मोजायला सांगा. वर्गात पानं मागेपुढे होतात. दोनच! तिसरी कुठे गेली? इथे तुम्ही गप्प बसायचं. कुणी म्हणेल विसरला. कुणी म्हणेल, बाप धावत आलेला बघून त्याला ते बोलवेना. कुणी म्हणेल, बापाने बोलूच दिलं नाही, पुढच्याच वचनात तो चाकरांना झगा आणायला सांगतोय बघा. एखादी खोचक मुलगी म्हणेल, मजुरी टळली म्हणून बरंच वाटलं असेल त्याला. चारही उत्तरं वहीत लिहून घ्या आणि निवाडा देऊ नका.

थोरल्याकडे असंच जा. धाकट्याने पैसा कशात घालवला? कथा सांगणारा एवढंच सांगतो की तो उधळेपणाने राहिला. वेश्यांचा उल्लेख कोण करतं? थोरला, तिसाव्या वचनात. त्याला हे कुणी सांगितलं? चाकराने त्याला फक्त धाकटा आल्याचं आणि वासरू कापल्याचं सांगितलंय. ही गोष्ट तरुणांच्या वर्गात अचूक लागते, कारण दुसऱ्याबद्दल आपल्या मनाने भर घालून बोलणं काय असतं, हे व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रोज बघणाऱ्या पिढीला वेगळं सांगावं लागत नाही. शिवाय थोरला ‘माझा भाऊ’ म्हणत नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो, आणि बाप उत्तर देताना त्याला ‘हा तुझा भाऊ’ म्हणून हळूच दुरुस्त करतो.

शेवटी, थोरला आत गेला का? वचनं संपतात. पत्ता लागत नाही. वर्गाला विचारा आणि घंटा झाली तर तसंच उठा. मुलं जिन्यावर वाद घालत उतरतील. अशा वेळी “म्हणून मुलांनो, आपण क्षमा करायला शिकलं पाहिजे,” हे वाक्य जिभेवर येतंच. ते गिळायचं.

प्रश्न आणि त्यानंतरची शांतता

“दाखल्यात मुलगे किती होते?” हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलाला विचारायचा. सोळा वर्षांच्या मुलाला तो विचारला की त्याला अपमान वाटतो आणि तो मुद्दाम चुकीचं उत्तर देतो. “तुम्हाला काय वाटतं?” हा प्रश्नही वरवर मोकळा आणि आतून पोकळ. चांगल्या प्रश्नाचं उत्तर मजकुरात असतं, पण शोधावं लागतं; किंवा मजकूर तिथे गप्प असतो आणि गप्प का, हे शोधावं लागतं.

प्रश्न विचारल्यावर शांतता पसरते. शिक्षकाला ती सोसवत नाही, म्हणून तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. दोन रविवार असं झालं की मुलांना गणित कळतं: आपण गप्प बसलो की सर बोलतात. शंभरपर्यंत आकडे मोजा, खिडकीतून बाहेर बघा, पण बोलू नका. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज येतो, आणि बहुधा तो नेहमी हात वर करणाऱ्याचा नसतो.

उत्तर आलं की “शाब्बास, बरोबर!” असं चटकन म्हणायची सवयही सोडा. पहिल्या शाबासकीबरोबर बाकीच्यांची तोंडं मिटतात. “हे कुठल्या वचनावरून म्हणतेस?” असं विचारा. रोज तेच विचारलं की मुलं उत्तर देतानाच वचनावर बोट ठेवायला लागतात, आणि एकमेकांनाही तोच प्रश्न टाकतात. पुढे एखाद्या प्रवचनकारालाही टाकतील. त्याची तयारी ठेवा.

काही शास्त्रभागांत आपल्या मातीचा धागा इतका उघड असतो की शिक्षकाने तिथे हात न लावलेलाच बरा. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो आणि ती चकित होते, कारण यहूदी शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत. वाचन तिथे थांबवा. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर काय झालं, हे मुलांनी इतिहासाच्या पुस्तकात वाचलेलं आहे. आपल्या कित्येक मंडळ्यांत ज्यांचे पणजोबा गावच्या विहिरीला शिवू शकत नव्हते अशी घरं आहेत, आणि ब्राह्मण, मराठा घरांतून आलेलीही आहेत. हा विषय मुलं स्वतः काढतात. काढला नाही तर आपण ओढून आणू नये. काढला तर “तो विषय इथे नको” असं म्हणू नये. मंडळीत आडनावं कोण कशी बघतं, लग्नं कुठे जुळतात, हेसुद्धा निघेल. ऐकून घ्या. वडीलधाऱ्यांच्या कानावर गेलं तर दोन शब्द ऐकावे लागतील, ते ऐकून घ्यायचे.

अडचणीचे भाग

पवित्र शास्त्रात अंगावर येणारे भाग आहेत. शास्त्यांच्या अकराव्या अध्यायात इफ्ताह नवस बोलतो आणि त्यापायी त्याची एकुलती एक मुलगी जाते. आपण हे अध्याय उलटून पुढे जातो. पण आता मुलांच्या हातात फोन आहे. ते भाग कुणीतरी त्यांना दाखवतंच, आणि दाखवणारा बहुधा टिंगल करायला दाखवतो. आपल्या वर्गात, आपल्या देखत ते वाचलेले बरे. इफ्ताहाची कथा वाचून एखाद्या मुलीने विचारलं, “देवाने थांबवलं का नाही? अब्राहामाला तर थांबवलं होतं,” तर तिने उत्पत्तीचा बाविसावा अध्याय इथे आणून जोडला, ही केवढी गोष्ट झाली! तिला गुळमुळीत उत्तर देऊ नका. मजकूर इफ्ताहाची पाठराखण करत नाही, त्याचा निषेधही करत नाही. त्या मुलीसाठी इस्राएलातल्या मुली वर्षाकाठी चार दिवस शोक करत, एवढं सांगून अध्याय पुढे जातो. तेवढंच दाखवा आणि “मलाही हे छळतं” असं वाटत असेल तर तसं म्हणा. विचारून सांगतो म्हणालात तर पुढच्या रविवारी खरंच विचारून या.

स्तोत्रांकडे या वयात वेगळं लक्ष द्यावं. आपण आनंदाची आणि भरवशाची स्तोत्रं तेवढी निवडतो. तेराव्या स्तोत्रात आरंभीच ‘किती काळ’ असा सवाल चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाचं एक वाक्यही नाही. दहावीचा निकाल लागलेला असतो, कुणाच्या घरी वडिलांची नोकरी गेलेली असते, कुणाची मैत्री तुटलेली असते. त्या आठवड्यात हे स्तोत्र वाचा आणि काहीही समजावून सांगू नका. असल्या प्रार्थनेलाही ग्रंथात जागा आहे, हे त्यांना दिसतं.

पाठांतराबद्दल थोडंसं. सुवर्णवचनांच्या स्पर्धेत पहिली आलेली मुलं पन्नास वचनं धडाधड म्हणतात आणि त्यातलं एक कुणी कुणाला म्हटलंय, हे विचारलं तर गांगरतात. सुट्या वचनांऐवजी सलग भाग पाठ करून घ्या: पहिलं स्तोत्र, तेविसावं, एकशे एकविसावं, पहिल्या करिंथकरांसचा तेरावा अध्याय. यातलं सगळ्यात मोठं तेरा वचनांचं आहे. सगळ्यांनी मिळून, दोन गट करून, सवालजवाबासारखं म्हणायचं. बक्षिसं ठेवलीच तर सगळ्यांना खाऊ. पहिला-दुसरा नंबर शाळेत पुष्कळ लागतात.

वर्गाचं व्यवस्थापन

बाकं ओळीत असतील तर ती गोल फिरवा. फोन काढून घेऊ नका, पण पवित्र शास्त्राची छापील प्रत प्रत्येकाच्या हातात असू द्या. फोनवर एकच वचन दिसतं, पान दिसत नाही, आणि वर सांगितलेली सगळी शोधाशोध पानावरच होते. दिलेली वेळ पाळा. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौल त्रोवस इथे मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेने पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला उठवलं. आपल्याला तसं जमण्याची खात्री नाही, तेव्हा पंचेचाळीस मिनिटांत आवरतं घ्यावं.

एक गंभीर बाब. मन मोकळं करायची सवय लागली की मुलं कधी घरातलं, कधी त्याहून भयंकर असं काही सांगतात. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं असावीत, आणि एकट्या मुलाशी बोलताना दार उघडं असावं. लैंगिक अत्याचाराचं काही कानावर आलं तर ते मंडळीच्या अब्रूसाठी दाबायचं नसतं. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संकटातल्या मुलांसाठी 1098 ही मोफत हेल्पलाइन आहे. तो नंबर वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवा.

वर्षाचा आराखडा आखताना सहासष्ट पुस्तकं पुरी करायचा हट्ट नको. मे महिन्याच्या सुट्टीत योसेफाची गोष्ट सलग घेता येते. उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायात तो सतरा वर्षांचा आहे, म्हणजे वर्गातल्याच कुणाच्या वयाचा. सुगीच्या दिवसांत रूथचं पुस्तक घ्या. चारच अध्याय आहेत, आणि सरवा वेचणं म्हणजे काय हे खेड्यातली एखादी मुलगी शहरातल्यांना सांगेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा असतात, तेव्हा पाचसात जणच येतात. त्या पाचसात जणांना घेऊन मार्ककृत शुभवर्तमान एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचा. ते सगळ्यांत छोटं आहे, दोन-तीन बैठकांत होतं.

राहता राहिले नोव्हेंबर आणि डिसेंबर. तेव्हा वर्ग नसतोच, नाताळच्या नाटकाच्या तालमी असतात. शिक्षक वैतागतात, पण वर्षातला सगळ्यात चांगला पाठ तिथेच घेता येतो. कपाटातून गेल्या वर्षीचं नाटकाचं बाड काढा, मुलांना मत्तयाचा दुसरा आणि लूकचा दुसरा अध्याय द्या, आणि बाडातलं काय ग्रंथात आहे, काय नाही, ते पेन्सिलीने खुणा करून आणायला सांगा. गाढव सापडत नाही. ‘जागा नाही, जागा नाही’ म्हणून ओरडणारा उतारशाळेचा मालक सापडत नाही, उतारशाळेत जागा नव्हती एवढंच सापडतं. मागी लोक तीन होते असं कुठेच म्हटलेलं नाही, भेटी तीन आहेत. आणि ते येतात घरात, गव्हाणीपाशी नव्हे. मेंढपाळ एका शुभवर्तमानात, मागी दुसऱ्यात, दोघांची गाठ पडतच नाही. मग बैठक घ्या: यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं? मालकाचं काम करणारा मुलगा भांडेल, कारण टाळ्या त्यालाच पडतात. त्याला ठेवायचं ठरलं तर का ठेवलं, ते मुलांनी लिहून काढावं आणि नाटक सुरू व्हायच्या आधी मंडळीला वाचून दाखवावं.